पुन्हा पाहायचं तर कोण: करमचंद की ब्योमकेश?

दूरदर्शनवरच्या या दोन्ही जुन्या गुप्तहेर मालिका पुन्हा पाहण्याइतका वेळ नसेल तर ‘ब्योमकेश बक्षी’ पाहा. लहानपणी माझा जीव ‘करमचंद’वर जास्त होता, तरी हेच सांगेन.

‘करमचंद’ १९८५ची. दिग्दर्शन पंकज पराशर यांचं. काळा चष्मा लावून गाजर खाणारा पंकज कपूर आणि सोबत त्याची सहायक, सुश्मिता मुखर्जीची किटी. खुनी कोण, हे मला एकाही भागातलं आठवत नव्हतं. गाजर मात्र पक्कं आठवत होतं. भाजीच्या पिशवीतलं गाजर पळवून आम्ही भावंडं एकमेकांना ‘शट अप किटी’ म्हणायचो. पंकज कपूरवरून आजही नजर हटत नाही. पण दोन-तीन भाग लागोपाठ पाहिले की खुनाची गोष्ट पातळ वाटू लागते, आणि किटीला सारखं गप्प बसवणं आता कानाला खुपतं.

‘ब्योमकेश’ १९९३मध्ये आली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथा, दिग्दर्शक बासू चटर्जी. ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित के. के. रैना. इथले गुन्हे मला लख्ख आठवत होते. ग्रामोफोनची पिन छातीत घुसून भर रस्त्यात माणसं मरतात, तो भाग पाहिल्यावर कित्येक दिवस मी रस्ता ओलांडताना छातीवर दप्तर धरायचे. पिन कुठून सुटते ते ठाऊक असूनही तो भाग पुन्हा पाहताना रंगले. वर्तमानपत्रातल्या एका विचित्र जाहिरातीचा धागा धरून ब्योमकेश तिथवर पोचतो, ती वाट लहानपणी मला कळलीच नव्हती.

‘अर्थमनर्थम’ हा भाग तर तेव्हा रटाळ वाटला होता. आता तोच सगळ्यात आवडला. सारखं मृत्युपत्र बदलणारा म्हातारा, त्याच्या जिवावर जगणारे नातेवाईक, आणि भावावर खुनाचा आळ आलेली सत्यवती. पैशापायी एका छपराखाली राहणारी माणसं कशी होतात, हे घरातल्या वाटण्या पाहिल्यावरच उमगतं. सत्यवतीचं काम आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केलंय. भेदरलेली असूनही ती भावासाठी ठाम उभी राहते. किटीच्या वाट्याला असा एखादा प्रसंग यायला हवा होता, असं फार वाटलं.

आणखी एक आपल्याकडचा धागा. शरदिंदु १९५२मध्ये पुण्यात स्थायिक झाले, आणि ब्योमकेशच्या नंतरच्या बऱ्याच कथा त्यांनी तिथेच लिहिल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या पुण्यात बसून रंगवल्या, हे कळल्यापासून मला ही मालिका जास्तच जवळची वाटते.

चित्र जुनं आहे आणि वेग संथ, एवढी तयारी ठेवा. मोबाइल चाळत पाहिलीत तर दुवे निसटतील. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधी ‘करमचंद’चा एखादा भाग दाखवा, ती लगेच रमतील. स्वतःसाठी मात्र ‘ब्योमकेश’च्या ‘सत्यान्वेषी’ या पहिल्या भागापासून सुरुवात करा. अजित आणि ब्योमकेश एकमेकांना पहिल्यांदा तिथेच भेटतात.