रोल-प्लेइंग गेमचा दिवस भरवायचाय: कॅफे की सोसायटीचा हॉल?

टेबलाभोवती बसून, आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा हा खेळ. गेम कुठला, डीएम (गोष्ट चालवणारा) कोण, रविवार कुठला हे ठरलं की प्रश्न उरतो जागेचा. पुण्यात आम्ही असे सात दिवस भरवले, पहिले तीन कॅफेत आणि नंतरचे चार एका सोसायटीच्या हॉलमध्ये. दरवेळी चार गट, प्रत्येकात पाच खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे चोवीस माणसं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मध्ये जेवण, दोन वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या गोष्टी. तुमचा पसारा साधारण एवढाच असेल तर हे उपयोगी पडेल. दोनच गट असतील तर गणित बदलतं, ते पुढे येईलच.

आधी कॅफेची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. नवा माणूस कॅफेत पटकन येतो. 'बी विंगच्या मागे, तळमजला, वॉचमनला विचारा' असा पत्ता वाचून पहिल्यांदा येणारा बिचकतो. एकटी येणारी मुलगी तर जास्तच, आणि तिच्या घरचे त्याहून जास्त. कॅफेचं नुसतं नाव सांगितलं की पुरतं. आमच्या पहिल्या दिवशी नऊ जण असे होते, ज्यांनी वीस बाजूंचा फासा कधी हातात धरला नव्हता. हॉलमधल्या पहिल्या दिवशी असे तिघेच आले. हा फरक मोठा आहे, आणि ज्यांना मुळात नवी माणसं जमवायची आहेत त्यांनी तो डोक्यात ठेवूनच पुढचं वाचावं. शिवाय पंखे, टॉयलेट, चहा, खरकटं, कशाचीच काळजी नाही. सकाळी पिशवी घेऊन जायचं, संध्याकाळी पिशवी घेऊन निघायचं.

हॉलचं तसं नाही. रविवार मिळणं हेच पहिलं काम. बारसं, साखरपुडा, सोसायटीची मीटिंग यांच्यानंतर आपला नंबर, आणि गणपतीच्या आधीचा महिनाभर तर विसराच, तिथे तालमी चालू असतात. हॉलवर पत्रा असेल तर जुलै-ऑगस्टही सोडून द्या, पावसाची सर आली की समोरच्याचे नुसते ओठ हललेले दिसतात.

परवानगीचं एक सांगून ठेवतो. पहिल्यांदा सेक्रेटरीकाकांना मी सरळ सांगितलं, "काका, फाशांचा खेळ आहे, वीस-पंचवीस जण येतील." त्यांचा चेहरा उतरला. चूक माझी होती. आपल्याकडे फासे म्हटलं की माणसाला जुगारच आठवणार. दुसऱ्या दिवशी फाशांचा डबा आणि भरलेली कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) घेऊन परत गेलो, त्यांच्या डायनिंग टेबलवर बसलो आणि पंधरा मिनिटं त्यांनाच खेळवलं. त्यांचा वैद्य एका जखमी वाटसरूला वाचवायला बघत होता, सतरा पडले, वाटसरू वाचला. मग अर्जात आम्ही 'गोष्ट रचण्याचा खेळ' असं लिहिलं आणि 'पैशाचा कोणताही व्यवहार नाही' हे वाक्य वेगळ्या ओळीवर टाकलं. तेव्हापासून त्यावर कधी प्रश्न आला नाही. तुम्हीही कागदाऐवजी फासे घेऊन जा, एवढंच सुचवेन.

खर्चाचं फार ताणत नाही. आमच्या कॅफेत माणशी साडेचारशे-पाचशेच्या खाली कधी सुटलं नाही. हॉलचं भाडं तीन हजार, म्हणजे चोवीस जणांत माणशी सव्वाशे, वर पोहे, दुपारची पावभाजी आणि थर्मासभर चहा धरून तीनशेच्या आत. डिपॉझिट परत मिळतं, पण झाडून-पुसून दिलं तर. कॉलेजातल्या पोरांना हा फरक जाणवतो, नोकरीवाल्यांना फारसा नाही. यावरून कुणी निर्णय घेऊ नये असं मला वाटतं. मीही घेतला नाही.

माझा निर्णय झाला तो आवाजावरून.

तिसरा दिवस होता, कॅफेतला शेवटचा. दुपारच्या सत्रात एका टेबलावर कॉल ऑफ क्थुल्हू चालू होता. हा गेम १९८१ पासूनचा, शंभरपैकी किती टक्के जमेल यावर फासे टाकून चालणारा, आणि त्यात तलवारीपेक्षा भीतीला महत्त्व. आमच्या डीएमने गोष्ट कोकणातल्या एका बंद वाड्यात रचली होती. परसात विहीर, आणि विहिरीतून हाक येते. पहिल्यांदाच खेळणारी एक मुलगी त्या दिवशी सकाळपासून जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. तिच्या पात्राचा भाऊ लहानपणी त्या विहिरीत बुडाला होता, हे तिने स्वतःच शीटच्या मागे लिहून ठेवलेलं. ती पुढे वाकली, आवाज अगदी खाली आणला आणि विहिरीत बघून काहीतरी म्हणाली. त्याच क्षणी काउंटरपाशी कुणाचा तरी केक कापला गेला, स्पीकरवर वाढदिवसाचं गाणं लागलं, सगळा कॅफे टाळ्या वाजवायला लागला. डीएम कानामागे हात धरून म्हणाला, "काय? परत सांग ना." तिने एकदा आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "काही नाही. मी मागे फिरते."

मी शेजारच्या टेबलावर होतो. विहिरीत वाकून ती काय म्हणाली हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. नंतर ती दुसऱ्यांदा आली नाही. कारण हेच असेल असा दावा मी करत नाही, पण त्या दिवसानंतर कॅफेत बुकिंग करायला माझा हात धजला नाही.

कॅफेवाल्यांची यात चूक नाही. त्यांची गिऱ्हाइकं आपण एकटेच नसतो, आणि गाणी बंद करा म्हणणं त्यांच्या धंद्यावर गदा आणणं आहे. आम्ही विनंती करून आवाज कमी करून घेतला होता, तासाभरात तो पुन्हा चढायचा. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवून ठेवलं आहे की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. चार गट शेजारी शेजारी बसले की हेच होतं. एक टेबल चढतं, ते ऐकून दुसरं चढतं, संध्याकाळी डीएमचा घसा बसतो. लढाईचा प्रसंग ओरडून निभावतो, पण कुजबूज, धमकी, कबुली, म्हणजे ज्यासाठी आपण हा खेळ खेळतो ते सगळं, ओरडून होत नाही. उलट बाजूही आहे. कुणी रंगात येऊन "मी त्याचं मुंडकं उडवतो!" म्हणालं की शेजारचं कुटुंब वळून बघतं आणि आपला खेळाडू पुढचा अर्धा तास गप्प होतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हॉलचा पहिला दिवस आवाजाच्या बाबतीत कॅफेपेक्षा वाईट गेला. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर उंच स्लॅब, प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा. फरक एवढाच की हॉलमध्ये आपल्याला काहीतरी करता येतं. दुसऱ्या वेळी आम्ही मंडळाच्या सहा सतरंज्या मागून आणल्या आणि फरशीभर अंथरल्या. दोन्ही लांब भिंतींवरच्या खिळ्यांना दोरी बांधून घरच्या जाड चादरी सोडल्या. टेबलं मधोमध होती ती चार कोपऱ्यांत नेली. एका गटाने तर टेबल नाकारून चौरंग मध्ये ठेवला आणि भोवती बैठक मारली. गुडघे कुरकुरणाऱ्यांना ते झेपणार नाही, पण मांडी घालून सहा जण बसले की डोकी जवळ येतात आणि आवाज आपोआप खाली येतो.

फाशांचाही आवाज होतो हे कॅफेत गोंगाटामुळे कधी लक्षात आलं नव्हतं. केटरिंगच्या टेबलांवरचा पत्रा फासा पडला की खणखणतो. आता प्रत्येक गटाला एक स्टीलचं ताट देतो, त्यात जुन्या शालीचा गोल कापलेला तुकडा बसवलेला. फासा त्यात धप्पकन पडतो, टेबलाखाली घरंगळत नाही, आणि चौघांना एकदम दिसतो.

वेळेचाही मुद्दा आहे. पाच खेळाडूंना प्रत्येकी तीन मिनिटं आणि डीएमला पाच धरली तर लढाईची एक फेरी वीस मिनिटांची, तासाला जेमतेम तीन. कॅफेतल्या चार तासांच्या स्लॉटमध्ये शेवटची लढाई नेमकी बिल येण्याच्या वेळेला सापडते. हॉलमध्ये सहाचे साडेसहा झाले तरी वॉचमन चावी घेऊन दारात बसून ऐकत असतो. आणि उजेड! कॅफेतल्या पिवळ्या मंद दिव्याखाली पेन्सिलीने लिहिलेले हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय त्याचा आकडा) दिसत नाहीत. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गेमच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहे, म्हणजे श्रेय देऊन तो कुणालाही वापरता येतो, म्हणून आम्ही त्यावरून मराठी शीट बनवून छापल्या. हॉलच्या ट्यूबलाइटखाली त्या पहिल्यांदा नीट वाचता आल्या.

तुमचे दोनच गट असतील, बहुतेक माणसं नवी असतील आणि कॅफेत दार लावता येणारी वेगळी खोली असेल, तर कॅफे घ्या, मीही घेईन. नव्या माणसांचा प्रश्न आम्ही अर्धवटच सोडवला आहे: आदल्या शनिवारी संध्याकाळी कॅफेत दोन तासांची नुसती ओळख, तिथेच कॅरेक्टर बनवायचं, आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी तिथूनच एकत्र हॉलवर यायचं. त्यामुळे गेल्या खेपेला नवे सात जण आले. नऊ नाहीत, पण सात.

जागा कुठलीही बघा, डिपॉझिट देण्याआधी रविवारी दुपारी त्याच वेळेला तिथे जा. मित्राला पलीकडच्या कोपऱ्यात उभं करून त्याला नेहमीच्या आवाजात बोलत राहायला सांगा, आणि तुम्ही इकडे कुणाच्या तरी शेजारी बसून विहिरीत वाकून बोलावं तसं एक वाक्य बोला. शेजारच्याला ते पहिल्याच वेळेला कळलं, तर पैसे भरा.