जुन्या रेडिओच्या रूपातला गाण्यांचा प्लेअर: वर्षभर वापरल्यानंतर, बेळगावातून

डबा बिघडला, सर्व्हिसवाल्यांशी वाद झाला, म्हणून हा अनुभव लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांनी आईवडिलांसाठी असला प्लेअर घेतलाय त्यांना जाळीचा स्पीकर, आत भरून आलेली हजारो गाणी, पुढचा गोल खटका हे सगळं माहीत आहे, त्यामुळे वॉट आणि ब्लूटूथचं पुराण लावत नाही.

बिघडला तो हाच खटका. भावगीतांवर ठेवला की मिनिटाभरात आपोआप नाट्यसंगीतावर जायचा, तिथून अभंगावर. वॉरंटी बाकी होती. पण डबा घेतला होता कोल्हापुरातून, कारण मराठी आवृत्ती मला बेळगावच्या दुकानांत मिळाली नाही. इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये बिल दाखवलं तर उत्तर आलं, ‘हे मॉडेल आमच्या यादीत नाही, महाराष्ट्रातलं आहे, तिकडंच न्या.’ कोल्हापूरला फोन केला तर ते म्हणाले, तुमचा पिनकोड कर्नाटकातला आहे, तक्रार इथे नोंदवता येत नाही. साडेसहा हजार मोजलेत मी. आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे हे आम्ही समजून घेतो, पण खटक्याच्या दुरुस्तीतही तो आडवा यावा याचा मला मनापासून राग आला.

शेवटी शहापुरातल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे नेला. त्यांनी मागचे स्क्रू काढले, खटक्यात क्लीनरचा फवारा मारला, दहा-बारा वेळा कर्रकर्र फिरवला आणि झालं. ‘ह्यात काय बी न्हाई वो, घाण बसल्या. कंपनीवाल्यास्नी उघडायलाच नको झालंय.’ दीडशे रुपये घेतले. मग त्यांनी आतल्या बोर्डावर बोट ठेवून एक रिकामी जागा दाखवली. म्हणाले, ‘ही चिप मिडियम वेव्ह बी पकडत्या. कांडी बसवायची सोडून दिल्यात बघा.’ कांडी म्हणजे तांब्याची बारीक तार गुंडाळलेली ती काळी फेराइटची कांडी, मिडियम वेव्हचा अँटेना. जुना ट्रान्झिस्टर ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांच्या ती लगेच डोळ्यांसमोर येईल.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. रूप जुन्या रेडिओचं, बटणं जुन्या रेडिओची, जाहिरातीत सगळ्या आठवणी जुन्या रेडिओच्या, आणि आत फक्त एफएम. आमच्या घरात मर्फीचा सेट होता, दरवर्षी पोस्टात त्याचं लायसन भरायचं. त्या सेटवर आम्ही एफएम कधी ऐकलंच नाही. ऐकलं ते मिडियम वेव्ह. धारवाड केंद्र १९५० चं, सांगली १९६३ चं, आणि बेळगाव दोन्हींच्या मध्ये. दुपारी काटा धारवाडवर, तिथून थोडा सरकवला की सांगली. आईचं माहेर गोकाक, त्यामुळे तिला दोन्ही हवी असायची. अंधार पडला की लांबलांबची केंद्रंही यायची, कारण मिडियम वेव्हच्या लहरी रात्री आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन दूरवर पोचतात. एफएमला तसं जमत नाही, त्याला टॉवर जवळ लागतो. आमच्या स्वयंपाकघरात या डब्याचं एफएम नुसतं खरखरतं. खिडकीशी धरून उभं राहिलं तर लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कांडीसाठी इतकं कशाला? पण आमच्या भागाचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास त्या काट्याने ऐकलाय. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. लोक शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली, आणि विविध भारती निघायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. माडगूळकरांची छप्पन्न गीतं फडक्यांच्या चालीत वर्षभर चालली. ती संपली आणि त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आईच्या तोंडून मी हे नेहमी असंच एका दमात ऐकलंय, गीतरामायण आणि राज्यपुनर्रचना.

पहिले काही महिने मी या डब्यावर नाराजच होतो. बॅटरी सांगतात त्यापेक्षा लवकर उतरते, आणि गाणं मध्येच थांबवून बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग पावसाळ्यात आई आजारी पडली, दिवसदिवस पडून असायची. तेव्हा नाट्यसंगीताचा विभाग सलग ऐकला आणि माझं मत बरंच बदललं. आवाज खरंच चांगला आहे. उगाच घुमवलेला बास नाही. तंबोरा आणि ऑर्गन वेगवेगळे कळतात, जुन्या तबकड्यांची खरखर बेताची ठेवलीय. आईला मोबाइलवर बोटं फिरवणं जमत नाही, खटका जमतो. एवढ्यासाठी मी त्याला चार तारे देतो. कांडीसाठी एक कापला.

पण तोच विभाग ऐकताना दुसरी गोष्ट खुपली. हा डबा ‘मराठी’ आहे, दुसरा ‘कन्नड’ आहे, आणि दोन्ही वेगळे विकत घ्यायचे. ज्या नाट्यसंगीताचं बटण यांनी मराठीच्या डब्यावर लावलंय, त्या संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, जन्म इथून जवळच्या सुळेभावीचा. भीमसेनजी गदगचे, अभंग मराठीत गायले आणि दासवाणी, म्हणजे हरिदास संतांची पदं, कन्नडमध्ये. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडकडचे, शिकले मिरजेच्या नीलकंठबुवांकडे आणि नंतर अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे. या माणसांच्या गाण्याचे दोन डबे कसे करणार? माझ्या डब्यात भीमसेनजींचे अभंग आहेत, पुरंदरदासांचं एकही पद नाही. आईला दोन्ही लागतात, एकाच सकाळी, एकापाठोपाठ एक. इकडच्या हजारो घरांत असंच आहे. मराठी शाळा टिकावी, मराठीत कागद मिळावेत यासाठी मी स्वतः मोर्च्यांत चाललोय, पुढेही चालेन. आईच्या दासपदांनी त्यात काही उणं होत नाही.

घ्यावा का? पूर्ण किमतीला नको. दिवाळीच्या सुमाराला हजार-दीड हजार उतरतात, तेव्हा बघा. सीमाभागातल्यांनी ज्या राज्यात राहता त्याच राज्यातलं बिल घ्या, मिळत नसेल तर ऑनलाइन मागवा आणि पत्ता घरचाच द्या. आकाशवाणीची केंद्रं प्रसार भारतीच्या ॲपवर ऐकता येतात, पण त्यासाठी मोबाइल जोडावा लागतो, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पुन्हा कुणाची तरी वाट बघणं आलं.

कन्नडसाठी मी पेनड्राइव्हचा मार्ग काढलाय. दासपदं आणि मन्सूरांनी गायलेली शिवशरण संतांची वचनं एकत्र भरून मागच्या खाचेत लावून ठेवलीत. एक लक्षात ठेवा, हा डबा पेनड्राइव्हवरची गाणी फाइलच्या नावाप्रमाणे लावतो, फोल्डर मानत नाही. नावाच्या आधी ००१, ००२ असे आकडे घाला, नाहीतर सकाळची पदं आणि रात्रीची भैरवी एकात एक मिसळतात. आणि पेनड्राइव्ह ३२ जीबीपेक्षा मोठा घेऊ नका, माझा ६४ चा त्याने ओळखलाच नाही.