डेटा चोरीची भरपाई मिळवून देतो म्हणून फोन आला तर आधी हे वाचा

आमच्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा डेटा फुटला, आणि त्या फुटलेल्या डेटाची भरपाई मिळवून देतो म्हणून फोन करणाऱ्याने आम्हाला पंचाहत्तर हजारांची टोपी घातली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण आमच्या गोव्यात फोंडा, डिचोली, साखळीकडे ह्या कंपनीच्या पॉलिसी घरोघरी आहेत आणि असे फोन इतरांनाही येताहेत असं कानावर आलं, म्हणून सगळं लिहून काढतोय. जरा लांबेल.

डेटा फुटल्याचं कंपनीने स्वतःच मेल करून कळवलं होतं. इंग्रजीत चार ओळी, काही ग्राहकांच्या माहितीपर्यंत अनधिकृत व्यक्ती पोचल्याचं लक्षात आलंय, आम्ही चौकशी करतोय, काळजी करू नका. नक्की काय गेलं, फोन नंबर गेला की आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे रिपोर्ट गेले, आम्ही आता काय करायचं, ह्यातलं काहीच नाही. सोबत एक हेल्पलाइन नंबर, त्यावर आपलं संगीत ऐकत बसायचं.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी फोन आला. गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात त्या माटोळीच्या सामानासाठी बाजारात ही गर्दी, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि पलीकडून अगदी शांत शुद्ध मराठीत एक माणूस, पुण्याकडची वाटावी अशी. आपल्याकडे फसवणुकीचे फोन येतात ते बहुतेक हिंदीत, त्यामुळे इथेच अर्धा संशय गेला. म्हणाला, काका, दिल्लीच्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाच्या भरपाई विभागातून बोलतोय, तुमच्या इन्शुरन्स कंपनीकडून माहिती लीक झाली त्याचा मेल तुम्हाला आला असेलच, बोर्डाने कंपनीला दंड केलाय आणि प्रत्येक सदस्यामागे साडेअठरा हजार मंजूर झालेत, तुमच्या पॉलिसीत चार जण, म्हणजे चौऱ्याहत्तर हजार. मी विचारलं तुम्हाला कसं माहीत चार जण, तर त्याने चौघांची नावं, जन्मतारखा, पॉलिसी नंबर, आईच्या ऑपरेशनला किती क्लेम पास झाला आणि किती कापला गेला, सगळं धाडधाड वाचून दाखवलं. क्लेम किती कापला हे आमच्या सख्ख्या भावालाही मी सांगितलं नव्हतं.

मग व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, सगळी माहिती आधीच भरलेली, आपण फक्त सही करायची. आता ह्या फॉर्मातली एक गोष्ट नीट सांगतो कारण पुढे सगळं त्यावर उभं आहे. पॉलिसी काढताना एजंटने आईच्या नावात एक अक्षर जास्त टाकलं होतं. आधारवर नाव बरोबर, बँकेत बरोबर, रेशनकार्डावर बरोबर, हॉस्पिटलच्या फायलीतही बरोबर. जगात फक्त एकाच ठिकाणी ते चुकलंय, ह्या कंपनीच्या रेकॉर्डमध्ये, दुरुस्तीचा अर्ज दिला तो तसाच पडून आहे. आणि त्या फॉर्मात आईचं नाव त्याच जास्तीच्या अक्षरासकट होतं.

मी म्हटलं भरपाई अशी घरबसल्या कोण देतं हो. त्याचं उत्तर तयार. अमेरिकेत इक्विफॅक्स कंपनीचा डेटा फुटला तेव्हा लोकांना प्रत्येकी १२५ डॉलर दिले, आता भारतातही तसाच कायदा आलाय, गुगल करून बघा. बघितलं, तर खरंच होतं की. म्हणजे तसं दिसत तरी होतं.

नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की त्याने अर्धीच गोष्ट सांगितली होती. इक्विफॅक्स ही तिथे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, तीसुद्धा एका सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवायचं राहिलं म्हणून, ज्यासाठीचा अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला होता. २०१९ मध्ये तडजोड झाली, किमान ५७.५ कोटी आणि जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर असा आकडा, पेपरात आलं १२५ डॉलर मिळणार. पण त्या रोख पैशांसाठी बाजूला काढलेले होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. भागाकार करा, १२५ प्रमाणे ते २ लाख ४८ हजार लोकांनाच पुरतात, आणि माहिती गेलेली जवळपास १५ कोटींची. अर्जांचा पाऊस पडल्यावर तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनला आठवड्याभरातच सांगावं लागलं की बाबांनो १२५ विसरा, फारच कमी मिळतील, त्यापेक्षा फुकट क्रेडिट मॉनिटरिंग घ्या, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जाच्या नोंदींवर लक्ष ठेवणारी सेवा. आणि तिथेसुद्धा कोणी फोन करून पैसे देत नव्हतं, अर्ज स्वतः भरायचा, त्याला एक पैसा फी नाही. तरीही लगेच खोट्या वेबसाइट निघाल्या आणि त्याबद्दलही कमिशनला सावध करावं लागलं. म्हणजे आमच्या ह्या भल्या माणसाने धंदा तिथूनच उचललेला.

पैसे कसे गेले ते थोडक्यात. आधी चौऱ्याहत्तर हजारांवर दहा टक्के टीडीएस, ७,४०० रुपये, ॲडव्हान्स भरायचा, भरपाईबरोबर परत मिळणार. टीडीएस देणारा कापून घेतो, कोणी मागून घेत नाही, हे मी बोललोही, तर म्हणाला काका ही सरकारी दंडाची रक्कम आहे, हिचा नियम वेगळा. यूपीआयने भरले. मग क्लेम स्टेटस बघायला एक ॲप, प्लेस्टोअरवरून नाही, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, आणि संध्याकाळी घरी माटोळी बांधत असताना बँकेतून तीन हप्त्यांत ६८ हजार गेले. ओटीपी मी कोणालाच सांगितला नाही, ते ॲप परस्पर वाचत होतं.

१९३० ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच रात्री फोन लावला, लागायला वेळ गेला पण लागला, त्यामुळे २६ हजार पुढच्या एका बँकेत अडकवून ठेवता आले, ते पुढे सुटतील म्हणतात. cybercrime डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनात कागद दिले. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी १९३०, मग बँक, मग बाकीचं रडणं. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, तेवढ्यातच पकडले तर पकडले. आणि फोन फॉरमॅट मारायच्या आधी चॅट, फॉर्म, यूपीआयचे नंबर सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, फक्त इंटरनेट बंद करून ठेवा.

बँक म्हणते ॲप तुम्ही टाकलं, तुमचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ह्याचे नियम घालून दिले, सध्या लागू असलेले नियम छापून घेऊन जा. त्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी आहे, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर बोजा शून्य. कामकाजाचे दिवस हं, चवथीच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण तो होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नव्हतं, मॅनेजरला होतं पण त्याने आपणहून सांगितलं नाही.

आता मूळ मुद्दा, भरपाईचा. लोक मला म्हणाले लोभ नडला. कसला लोभ? माझ्या आईची मेडिकल फाइल बाजारात विकली गेली, त्याचं कोणीतरी काहीतरी देणं लागतं असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं. पण आपल्याकडचा कायदा बघाल तर डोकं फिरेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या महत्त्वाच्या जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. डेटा नीट सांभाळला नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. छान. पण तो दंड जातो सरकारच्या संचित निधीत, ज्याचा डेटा गेला त्याला दमडी नाही. डेटा प्रोटेक्शन बोर्ड ह्याच कायद्यातलं, ते खरं आहे, पण त्याला ग्राहकाला भरपाई द्यायचा अधिकारच नाही. म्हणजे बोर्डाकडून भरपाई मंजूर झाली म्हणणारा फोन कुठल्याही भाषेत, कितीही गोड आवाजात आला तरी तो चोराचाच. वर गंमत म्हणजे आपणच खोटी तक्रार केली तर आपल्याला दहा हजारांपर्यंत दंड, तेवढं मात्र आमची आठवण ठेवून लिहिलंय.

मग पैसे मागायचे कुठे? आयटी कायद्याचं ४३-ए कलम, निष्काळजीपणाने संवेदनशील माहिती फुटली तर कंपनीने नुकसानभरपाई द्यायची, आणि मेडिकल रेकॉर्ड ह्या संवेदनशील माहितीत येतं. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, अॅडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणजे दाव्याचा निवाडा करणारे अधिकारी म्हणून तेच असतात. मात्र नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे, त्यामुळे ज्यांना करायचंय त्यांनी चालढकल करू नये. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापार प्रथा धरलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार टाकता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं.

मी ग्राहक आयोगाकडे गेलोय. कंपनीचं म्हणणं, ही माहिती आमच्याकडूनच गेली कशावरून, हॉस्पिटलमधून गेली असेल, एजंटकडून गेली असेल. त्याला माझं उत्तर ते एक जास्तीचं अक्षर, एजंटचा दोष म्हणाल तर एजंट तुमचाच. ह्यावर त्यांच्या वकिलाने पुढची तारीख घेतली. आणि ह्याच दरम्यान मला आणखी एक फोन, ह्यावेळी हिंदीत, आपका साइबर फ्रॉड का पैसा रिकव्हर हो गया है, दो परसेंट चार्ज भरना है. म्हणजे फसलेल्यांचीही यादी कुठेतरी फिरतेय.

एकाच तक्रारीत सारख्या नुकसानीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. तुम्हाला किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना असा भरलेला फॉर्म आला असेल तर घाबरून डिलीट करू नका. पॉलिसीचा कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, जुना पत्ता, चुकलेली जन्मतारीख, बंद झालेला मोबाईल नंबर, जी चूक फक्त कंपनीच्याच कागदात आहे ती फॉर्मात उतरलीय का ते शोधा. सापडली तर दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र टाका, पोचपावतीसकट.