मायएसक्यूएलचा ड्रायव्हर जार: हाताने द्यायचा, मेव्हनवर सोडायचा की टॉमकॅटच्या लिबमध्ये टाकायचा?

जाव्हा प्रोग्रॅमला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारी फाइल म्हणजे हा ड्रायव्हर जार. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन (क्लास सापडत नाही ही एरर) दिसली की लोक पुन्हा जार डाऊनलोड करत बसतात. अहो जार असतो फोल्डरमध्ये, जाव्हाला कुणी सांगितलेलंच नसतं तो कुठंय ते.

एकदोन फाइलींचा कॉलेज प्रोजेक्ट असेल तर हाताने -सीपी (क्लासपाथ, म्हणजे क्लास आणि जार कुठे शोधायचे ते पत्ते) द्या, बास. फक्त विंडोजवर दोन पत्त्यांच्या मध्ये सेमीकोलन लागतो आणि लिनक्स-मॅकवर कोलन, आणि -सीपी दिलं की चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही म्हणून डॉटही लिहायचा, नाहीतर ड्रायव्हर सापडतो आणि तुमचाच मेन क्लास गायब! आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे जाव्हा -जार ने चालवलं तर -सीपी आणि क्लासपाथ व्हेरिएबल, दोन्हीकडे ते ढुंकूनही बघत नाही, तिथे तुमच्या जारच्या आतल्या मॅनिफेस्ट फाइलमध्येच ड्रायव्हर जारचा पत्ता लागतो.

यापेक्षा मोठं काही असेल तर माझं मत सरळ मेव्हन (लागणारे जार आपोआप आणून जोडणारं टूल). पण जुन्या ट्युटोरियलमधलं नाव कॉपी करू नका, ड्रायव्हरच्या 8.0.31 व्हर्जनपासून आर्टिफॅक्ट (मेव्हनमधलं जारचं नाव) मायएसक्यूएल-कनेक्टर-जे झालाय आणि ग्रुपही बदललाय. सर्व्हरवर जार आधीपासून नसताना स्कोप प्रोव्हायडेड ('जार सर्व्हर देईल') ठेवलात तर आयडीईमध्ये कम्पाइल मस्त होणार आणि सर्व्हरवर बोंब, तिथे रनटाइम ठेवा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे जार असं सगळं एकाच फॅट जारमध्ये कोंबताना दोन डेटाबेसचे ड्रायव्हर असतील तर मेटा-इन्फ सर्व्हिसेसमधली ड्रायव्हरचं नाव सांगणारी एक फाइल दुसरीवर चढते आणि एक ड्रायव्हर गपगुमान नाहीसा होतो, फॅट जार बनवणाऱ्या मेव्हनच्या शेड प्लगइनला सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर लावला की सुटतं.

टॉमकॅटचं, म्हणजे जाव्हा वेब अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरचं, गणित वेगळं. कनेक्शन पूल (डेटाबेसची तयार ठेवलेली कनेक्शनं) टॉमकॅटच सांभाळत असेल तर जार टॉमकॅटच्या लिबमध्येच हवा, वॉरमध्ये (अ‍ॅपच्या पॅकेजमध्ये) टाकून उपयोग नाही. पूल तुमच्या अ‍ॅपचा असेल तर वॉरमधला वेब-इन्फ लिब बरा, प्रत्येक अ‍ॅपचं व्हर्जन वेगळं ठेवता येतं, पण तिथे ड्रायव्हर आपोआप रजिस्टर होईल या भरवशावर राहू नका, पूलला ड्रायव्हर क्लासचं नाव द्या किंवा क्लास डॉट फॉरनेम लिहा. दोन्हीकडे टाकून ठेवायची आयडिया तर नकोच, कुठला लोड झाला ते शोधण्यात दिवस जातो.

आणि हो, एरर 'नो सुटेबल ड्रायव्हर' असेल आणि ड्रायव्हरचा क्लास व्यवस्थित लोड होत असेल तर जार हलवत बसू नका, आधी यूआरएलमध्ये 'जेडीबीसी:मायएसक्यूएल:' चं स्पेलिंग बघा.