पहिला रॉक अल्बम : सांगलीतली खोली की पुण्याचा स्टुडिओ?

गाणी तुमची, गळा तुमचा, आठ-दहा चाली फोनमध्ये पडून आहेत. आता घरीच माइक मांडायचा की पैसे साठवून पुणे गाठायचं? सांगली-मिरजेतले बहुतेक जण इथे पैशांचा हिशेब मांडतात. रॉक करायचं असेल तर हिशेब ड्रम्सपासून सुरू करा.

ड्रम सेटमधल्या किक, स्नेअर, हाय-हॅट, दोन-तीन टॉम यांना एकेक माइक आणि वरून टांगलेले दोन ओव्हरहेड, म्हणजे सात-आठ माइक झाले. घरी घेतो त्या इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, बहुधा दोनच इनपुट असतात. त्यात आपल्या खोल्या लहान, फरशीच्या. स्नेअरचा आवाज भिंतींवर आपटून सगळ्याच माइकमध्ये घुसतो आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, तो काही केल्या निघत नाही. सॉफ्टवेअरमधले ड्रम्स आहेतच आणि हल्ली ते बरे वाजतातही. पण कोरस जिथे अंगावर यायला हवा तिथे मला ते मिळमिळीत वाटतात. इथे स्टुडिओला तोड नाही. फार लांब नको असेल तर आधी कोल्हापुरात चौकशी करा.

गळ्याचं नेमकं उलट. स्टुडिओचं बिल तासावर किंवा शिफ्टवर, त्यामुळे चौथ्या टेकला डोळे घड्याळाकडे जातात आणि ते आवाजात ऐकू येतं. घरी एकच ओळ रात्रभर घोळवता येते. फक्त उघड्या खोलीत महागडा कंडेन्सर माइक लावू नका, तो शेजारच्या कुकरची शिट्टीही इमानदारीत टिपतो. शूअर कंपनीचा एसएम ५८ हा साधा माइक तोंडाशी, पाठीमागे गाद्या-रजया, एवढ्यावर भागतं. बाकी ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवरचे स्पीकर काय वाजवत जातील ते आपल्या हातात नाही. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर गिटारमध्ये गुणगुण शिरते. वीज गेली की सरळ थांबा.

गिटार कुठेही होते. ॲम्प न लावता थेट इंटरफेसमध्ये घ्या, टोन नंतर ठरवता येतो. मात्र जवारी (तारांखालच्या घोडीची जुळणी) नीट केल्याशिवाय मिरजेत कुणी तंबोरा मैफलीला नेत नाही, तसं गिटारचं सेटअप आणि नव्या तारा आधी.

दोन्ही वाटांनी मोठे पहिले अल्बम झालेत. बॉस्टन बँडचा १९७६चा अल्बम बराचसा टॉम शोल्झच्या तळघरात झाला. पण हा गडी पोलरॉइडमध्ये इंजिनिअर होता आणि त्याने त्यात वर्षं घातली. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ला लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात दहा गाणी उरकली, कारण क्लबात वाजवून वाजवून ती त्यांच्या हातात बसली होती. तुमचा बँड असा पक्का असेल तर सगळंच स्टुडिओत करा, स्वस्त पडेल. यंत्रांशी झटापट करण्यात मजा येत असेल तर घर.

या दोन्हींत न बसणाऱ्यांना मी मधली वाट सांगेन. घरी क्लिकवर (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीवर) गिटार आणि कच्चा गळा रेकॉर्ड करा, ते घेऊन फक्त ड्रम्ससाठी स्टुडिओत जा, परतून उरलेलं घरी. निघताना प्रत्येक माइकची वेगळी २४-बिट वेव्ह फाइल मागून घ्या. नुसता मिक्स घेऊन आलात तर पुढे हात बांधले जातात. मिक्सिंग दुसऱ्याकडे द्या, आपल्याच गळ्याला आपण सरावलेले असतो. आणि तारीख आधी ड्रमरची पक्की करा, स्टुडिओची त्यानंतर.