ऐरोलीतील स्थानिक फायबर ब्रॉडबँड : वेग चोख, पण लाईन तुटली की परत जुळत नाही

ऐरोलीत आमच्या सेक्टरमध्ये फायबर ब्रॉडबँड पुरवणाऱ्या एका स्थानिक कंपनीच्या सेवेचे हे परीक्षण आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा असून वेगाबाबत तक्रारीला जागा नाही. रात्री साऱ्या इमारतीत टीव्हीवर क्रिकेट सुरू असतानाही वायरने जोडलेल्या संगणकाला जवळपास पूर्ण वेग मिळतो. जोडणीचे काम नीटनेटके झाले, बिलात छुपे आकार नाहीत. अडचण एकच आहे आणि ती गंभीर आहे: वीज गेली किंवा लाईन क्षणभर तुटली, की त्यानंतर इंटरनेट आपणहून परत सुरू होत नाही. वाय-फाय जोडलेले दिसते, दिवे हिरवे असतात, आणि तरीही एकही पान उघडत नाही. माइंडस्पेससारख्या आयटी पार्कमुळे या भागात घरून काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना वेगापेक्षा या एका गोष्टीचा त्रास अधिक होतो.

ग्राहक सेवेला फोन केल्यावर दरवेळी मिळणारे उत्तर म्हणजे राउटर बंद करून पुन्हा चालू करा. कधी त्याने काम होते, कधी होत नाही, आणि असे का घडते हे फोनवर कुणी समजावून सांगत नाही. त्याआधी पाहायला हवा तो भिंतीवरचा ओएनयू, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो छोटा डबा. त्यावरचा ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, फायबर कुठेतरी तुटले आहे, दबले आहे किंवा जास्त वाकले आहे, आणि लाईनमन येईपर्यंत घरी करण्यासारखे काही नाही. मात्र ‘पॉन’चा, म्हणजे फायबर कंपनीशी जुळल्याचा, दिवा स्थिर हिरवा असेल आणि तरी इंटरनेट नसेल, तर दोष बहुधा फायबरमध्ये नसून लॉगिनमध्ये असतो. आमच्याकडे प्रत्येक वेळी हाच दुसरा प्रकार आढळला.

या कंपनीची सेवा पीपीपीओई या लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीने चालते. राउटर आपल्या नावाने आणि पासवर्डने कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करतो, आणि सर्व्हर त्याच्यासाठी एक सेशन, म्हणजे चालू जोडणीची नोंद, उघडतो. राउटर रीतसर बंद झाला तर तो जाताना तसा निरोप देतो. पण वीज अचानक गेली तर निरोप द्यायला त्याला सवडच मिळत नाही, आणि सर्व्हरच्या नोंदीत जुने सेशन चालूच राहते. सर्व्हर ठरावीक अंतराने विचारणा करतो, आणि बरीच उत्तरे चुकल्यावरच ते सेशन बंद करतो. एका खात्यावर एकाच सेशनची मुभा असल्यामुळे, तोवर वीज येऊन राउटर पुन्हा लॉगिन करू लागला तर सर्व्हर त्याला नकार देतो. काही राउटर असे नकार लागोपाठ मिळाल्यावर प्रयत्न करणेच थांबवतात, आणि मग सर्व्हर मोकळा झाला तरी घरातले इंटरनेट बंदच राहते.

हे पडताळून पाहणे अवघड नाही. राउटरच्या स्टेटस पानावर लॉगिन नाकारल्याचा संदेश असेल तर जुने सेशन अडकल्याची शक्यता मोठी. सर्व्हरकडून प्रतिसादच नाही असे लिहिलेले असेल तर गोंधळ पुढे, कंपनीच्या बाजूला आहे. पहिल्या प्रकारात राउटर लगेच चालू न करता काही मिनिटे पूर्ण बंद ठेवावा, आधी ओएनयू सुरू करून ‘पॉन’ स्थिर होऊ द्यावा आणि मगच राउटर लावावा. जोडणीची पद्धत ‘गरजेनुसार’ किंवा ‘हाताने’ अशी असेल तर ती ‘कायम चालू’ करावी. राउटर बदलला असेल तर कंपनीकडून नवा मॅक पत्ता, म्हणजे त्या राउटरचा ओळख क्रमांक, नोंदवून घ्यावा लागतो. ही नोंद राहून गेल्यामुळेही लॉगिन नाकारले जाते.

लाईनमनबद्दल मात्र चांगलेच लिहायला हवे. त्याने ओएनयूची पिवळी फायबरची दोरी काढून प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली, आकडा मला दाखवला आणि म्हणाला, “काकू, उणे एकोणीस येतंय, लाईन एकदम क्लीन आहे. सेशन अडकलंय, ऑफिसला सांगून क्लिअर करून घेतो.” जीपॉन या प्रकारच्या फायबर जाळ्यातल्या ओएनयूला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) इतका प्रकाश चालतो, म्हणजे त्याचे निदान बरोबर होते. ऑफिसमधून सेशन काढताच राउटर जोडला गेला. जे काम एका फोनवर होते त्यासाठी या मुलाला जिने चढायला लावणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

जुने सेशन बंद करण्याची सर्व्हरवरची मुदत कमी करणे, किंवा त्याच राउटरकडून नवे लॉगिन आले तर जुने सेशन आपोआप काढून टाकणे, ही सोय कंपनीलाच करायची आहे. ग्राहकाच्या हातात ती नाही. तोपर्यंत ओएनयू आणि राउटरला मिळून एक छोटा यूपीएस लावणे उपयोगी पडते, मात्र दोन्हींच्या अडॅप्टरचे व्होल्ट आधी तपासावेत. फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डब्याला, वीज लागत नाही, त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी सेशन टिकते. ज्या सोसायट्यांत गच्चीवरच्या स्विचमधून वायर घरात येते, तिथे त्या स्विचलाही बॅकअप असल्याशिवाय याचा उपयोग नाही.

तक्रार करताना “नेट बंद आहे” एवढेच न सांगता “सेशन क्लिअर करा” असे स्पष्ट सांगावे आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणे बंधनकारक आहे, आणि तक्रार केंद्राकडून निवारण झाले नाही तर त्याच आधारे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. वेगासाठी या सेवेला मी पाचपैकी साडेचार देईन, तुटल्यानंतरच्या वागणुकीसाठी दोन. नवी जोडणी घेणाऱ्यांनी सवलतीच्या मोहाने वार्षिक पॅक न घेता आधी महिन्याचा घ्यावा, आणि त्या महिन्यात एकदा चालू राउटरची पिन मुद्दाम काढून, लगेच पुन्हा लावून, इंटरनेट आपणहून परत येते का ते पाहावे.