मिव्हानच्या भिंतीवर उभा बसवलेला १६ अँपिअरचा सॉकेट: वर्षभर वापरल्यानंतर

याआधी ओट्यात पॉप-अप टॉवर होता, म्हणजे ओट्यातून वर ओढायचा सॉकेटचा खांब. तो बंद पडला आणि कंपनीने वॉरंटी नाकारली. कारण दिलं, "पाण्याशी संपर्क". ओट्यात बसवायचा म्हणून विकलेली वस्तू, खोक्यावरच्या फोटोत शेजारी चकचकीत सिंक, आणि पाणी लागलं तर म्हणे जबाबदारी तुमची. बिलाचा फोटो पुन्हा पुन्हा मागवून घेतला आणि मग तक्रारच बंद केली. साडेतीन हजार गेले. ग्रॅनाइटला पाडलेलं भोक कायमचं राहिलं, त्यावर आता स्टीलचं झाकण आहे.

आधी जागेची अडचण सांगतो. घोडबंदर रोडची नवी इमारत, मिव्हानचं बांधकाम. म्हणजे विटेची भिंत नाहीच, सगळं काँक्रीट आणि आत सळ्या. वायरसाठी भिंतीत झिरी मारायला सोसायटीची सक्त मनाई, आणि ती योग्यच आहे. बिल्डरने फ्रिज, चिमणी आणि प्युरिफायरला पॉइंट दिलेत. मिक्सर आणि इंडक्शन कुठे लावायचा याचा विचार कुणी केलेला नाही. ओट्याच्या डावीकडे सिंक, मधे खिडकी, उजवीकडे शेगडी. खिडकीची चौकट आणि शेगडीमागची टाइल यांच्यामध्ये जेमतेम साडेचार इंचांची पट्टी उरते. म्हणून ट्रॉलीवाल्याने टॉवर गळ्यात मारला.

टॉवर पाण्याने गेला की कशाने, देव जाणे. मला तो त्याआधीच खटकला होता. त्यातले सॉकेट 'युनिव्हर्सल', त्यावर १० अँपिअर छापलेलं. आपल्या १६ अँपिअरच्या प्लगची पिन सात मिलिमीटरची, ६ वाल्याची पाच. दोन्ही एकाच भोकात मावायला हव्यात म्हटल्यावर बारीक पिनेला पकड कुठून येणार? मिक्सरचा प्लग नुसता हलायचा. हललं की ठिणगी, ठिणगी की गरमी. दोन हजार वॅटचा इंडक्शन २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास खेचतो, म्हणजे कागदावर टॉवरला चालतो. पण अर्धा तास दूध आटवल्यावर प्लग हाताला चटका देतो, हे कागदावर नसतं.

आता जे बसवलंय ते: तीन मॉड्यूलचा सरफेस बॉक्स, त्यात शटरवाला ६/१६ चा, म्हणजे दोन्ही प्लग घेणारा सॉकेट आणि १६ अँपिअरचा स्विच. वायर डीबीपासून (घराच्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून) लॉफ्टवरून भिंतीवरच्या केसिंग पट्टीत, ४ स्क्वेअर मिलिमीटरची, अर्थिंगची हिरवी सोबत, स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा स्विच. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, आधीपासून होता. सामान नावाजलेल्या कंपनीचं, तरी टॉवरच्या निम्म्यात. सॉकेटबद्दल तक्रार शून्य. बारीक पिनेला वेगळी भोकं आहेत, प्लग घट्ट बसतो, इंडक्शन कितीही चालवा, सॉकेटची प्लेट थंडच.

पण आडवा बॉक्स पाच इंचांच्या पुढे जातो. पट्टीत मावेना, म्हणून तो उभा करावा लागला. आणि इथे जी गोष्ट कुठल्याही दुकानात कोणी सांगत नाही ती सुरू झाली.

आपल्या बहुतेक प्लगची वायर अर्थच्या, म्हणजे तिसऱ्या जाड पिनेच्या उलट बाजूने निघते. नेहमीच्या प्लेटवर अर्थ वर, म्हणून वायर खाली लोंबते आणि कुणाला काही वाटत नाही. प्लेट उभी केली की अर्थ एका कुशीला जाते आणि वायर दुसऱ्या. इलेक्ट्रिशियनने अर्थ डावीकडे ठेवून बसवलं. वायर उजवीकडे, म्हणजे थेट शेगडीकडे! मी विचारलं तर म्हणतो, "साहेब, करंट तोच येणार ना." आईने तेवढ्यात कढई ठेवली, मिक्सरची वायर कढईच्या कडेला टेकली, आणि वाद तिथेच संपला. बॉक्स उलटा केला. आता वायर खिडकीकडे जाते. उभ्या प्लेटमध्ये नुसता सॉकेट काटकोनात फिरवून अर्थ वर आणता येत नाही, त्याला अडकवायच्या कड्या दोनच बाजूंना असतात. म्हणून अख्खी प्लेटच फिरवली. तुमची जागा अशीच असेल तर ब्रँड, रंग, फ्रेम सगळं नंतर. आधी प्लग हातात धरून भिंतीला लावून बघा, वायर कुठे पडते ते.

इंडिकेटरवाला स्विच घ्यायला मी तयार नव्हतो. वर साठ रुपये कशाला, स्विच दिसतोच की. दुकानात साधा नव्हता म्हणून नाइलाजाने घेतला. आज तो काढायला सांगाल तर भांडेन. उभ्या प्लेटवर स्विच खाली-वर न होता डावा-उजवा दाबावा लागतो, आणि चालू कुठली बाजू हे घरात अजून कुणाच्याच हाताला बसलेलं नाही. लाल ठिपका बघायचा, विषय संपला.

पावसाळ्यात प्लेटच्या स्क्रूंवर गंज आला, स्टीलचे घालून घेतले. फोडणीचा चिकटा प्लेटच्या फटीत बसतो, तो मेन बंद करून कोरड्या फडक्याने पुसतो. हे चालायचंच.

आता उरलेलं दुखणं खिडकीचं. मिक्सरची वायर चौकटीच्या रुळावर पडते आणि सरकती काच तिला चिमटते. चाळीस रुपयांचा स्टॉपर लावला होता, काच वायरपर्यंत येऊच नये म्हणून. आईने दुसऱ्या दिवशी काढून ठेवला, खिडकी नीट बंद होत नाही, पावसाचं पाणी आत येतं म्हणून. पटण्यासारखं आहे, पण वायरीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.